पंधरा भाग आणि एक मथळा

बातमी दुसऱ्या दिवशी रद्दीत जाते. छापता येत नाही ते मात्र ऑफिसातच साचतं. जळगाव जामोदच्या आमच्या दोन खुर्च्यांच्या ऑफिसात तीस वर्षांचं साचलंय. यंदाची भर मात्र कोरियन मालिकांची!

टायपिंग करणारी वैशाली डबा खाताना मोबाइल बाटलीला टेकवते. नवऱ्याच्या खुनाचा आरोप असलेली बाई, अंधारा तुरुंग आणि हिंदीत बोलणारे कोरियन पोलीस. पहिल्या दिवशी मी मिनिटभर डोकावलो आणि निकाल दिला, "हिनंच मारलं."

"सर, आत्ता तर नावं चालू हायेत!"

*

प्रेसनोट घेऊन आलेले हवालदार काकाही एकदा बघत बसले. मालिकेतल्या पोलिसानं चहाचा कप पिशवीत घालून तपासणीला पाठवला. काका अस्वस्थ झाले.

"एवढं कोण करते!"

"कोणीच नाई काका," वैशाली म्हणाली. "म्हणून तं पाह्यतो."

*

आमच्या कॉम्प्युटरमध्ये एक तयार मथळा होता : 'पत्नीनेच काढला पतीचा काटा!' गावाचं नाव तेवढं बदलायचं. मालिकांचा नाद लागल्यापासून वैशाली तो उघडण्याआधी विचारू लागली, "डॉक्टरचा रिपोर्ट आला काय?"

एकदा मी भडकलो. "तू ऑपरेटर आहेस की वकील?"

"अन् तुमी बातमीदार हाय का सासू?"

ती फाइल मी स्वतः डिलीट केली.

*

पण शहरातल्या डेस्ककडे, म्हणजे बातम्यांना मथळे देणाऱ्यांकडे, ती फाइल होतीच! संग्रामपूरकडच्या एका गावात अंगणवाडी सेविका रेखाताईंचा नवरा चहा पिता पिता कोसळला आणि गेला. दिरानं विषाचा संशय घेतला. मी पाठवलं : 'पतीचा मृत्यू; अहवालाची प्रतीक्षा'. सकाळी पहिल्या पानावर छापून आलं : 'पत्नीनेच काढला पतीचा काटा!'

मी फोनवर ओरडलो, "पुरावा काय?"

"दादा, चार कॉलममध्ये बरोबर बसत होतं!"

*

अहवाल आला. हृदयविकार. तोवर गावानं अंगणवाडीत पोरं पाठवणं बंद केलं होतं. सेविका बदला, असा अर्जही गेला होता. खुलासा पहिल्या पानावर, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत छापा, असं मी बजावलं. छापला सातव्या पानावर, सहा ओळींत, चोरीला गेलेल्या मोटारसायकलच्या खाली!

"वाचणारा वाचतो," डेस्कवाला म्हणाला. त्याच्याशी मी अजून भांडतोय.

*

मग रेखाताई स्वतःच ऑफिसात आल्या. सहा ओळी गावात कोणी वाचल्या नव्हत्या. पहिल्या पानावर छापून आलं तरच नोकरी टिकणार होती. मी डेस्कला फोन लावत होतो, ते उचलत नव्हते. ताई वैशालीजवळ बसल्या. मोबाइलवर बेड्या घातलेली बाई.

"इनं मारलं काय नवऱ्याले?"

"माहीत नाई ताई. पंधरा भाग झाले, अजून कोणालेच माहीत नाई."

रेखाताईंनी मोबाइल जवळ ओढला.

"काऊन? तिच्या गावात पेपर येत नाई काय?"