डोळे मिटून ऐकणारे काकाजी

समोरचा माणूस तावातावाने बोलू लागला की काकाजी डोळे मिटून घेत. तालुक्याच्या कोर्टात ते मध्यस्थ होते. शिवीगाळ, ढकलाढकली, साधी मारहाण असले तडजोडीजोगे खटले न्यायाधीश त्यांच्या खोलीत पाठवत. नवख्या पक्षकाराला वाटे, म्हातारा आता घोरतो की काय. एकाने तसं विचारलंच. काकाजी डोळे न उघडता म्हणाले, "बोल बाप्पा, ऐकून राह्यलो. तोंड पाह्यलं का मंग आवाज निसटते."

मी तेव्हा नवा वकील, अंगावर कोट आणि अंगात जोर. मला हा संथपणा सोसत नसे. टेबल असूनही ते भांडणाऱ्यांना एकाच बाकावर, खिडकीकडे तोंड करून बसवत. खिडकीतून सातपुड्याची निळी रेघ दिसे. "समोरासमोर बसवले का कोंबड्यावानी झुंजते. डोंगर पाहू द्या त्यायले," म्हणत. त्या खोलीत दुपार पेंगायची आणि आवारातली ओरड कुठल्या तरी लांबच्या गावची वाटायची.

त्या बाकावर एकदा वरवटचे वासुदेव आणि शालिकराम आले. शेताला शेत लागून. मधल्या बांधावरच्या, धुऱ्यावरच्या बाभळीवरून शब्दाला शब्द लागला आणि शालिकरामने वासुदेवच्या खांद्यावर काठी घातली. वासुदेव माझा पक्षकार. "याले जेलात टाकल्याबिगर मी मांगं हटत नाई," तो सांगत सुटला.

काकाजींनी बाभळीचं विचारलंच नाही. म्हणाले, "बैल कोठी हायेत?"

दोघांकडे एकेकच बैल. बापाच्या काळापासून त्यांची सावड होती. दोन घरचे दोन बैल एका जुवाला जुंपायचे, आज याचं शेत, उद्या त्याचं. काठी पडली आणि सावड मोडली. दोन्हीकडे डवरणी, म्हणजे पिकाच्या ओळींमधली कोळपणी, खोळंबली, कपाशीत गवत माजलं.

"माहा बैल चारा सोडते अन् तुह्या गोठ्याकडं पाहून हंबरते," शालिकराम डोंगराकडे बघत म्हणाला.

वासुदेवही डोंगराकडेच बघत म्हणाला, "माहाबी."

"मंग त्यायचा काय गुन्हा?" काकाजींचे डोळे मिटलेलेच होते.

शालिकरामने पुटपुटत का होईना, माफी मागितली. न्यायाधीशांसमोर खटला मिटला. माझा घोकून ठेवलेला युक्तिवाद तसाच राहिला आणि मी दोन दिवस काकाजींवर फुगून होतो. त्यांनी बोलावून चहा पाजला, बाकी काही नाही.

पुढे काही वर्षांनी, ऐन श्रावणात काकाजी गेले. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या ओसरीवर काकूंजवळ बसलो होतो. त्या घरी बैल कधी नव्हते, त्यामुळे पूजेचं ताटही नव्हतं. एवढ्यात दारात वासुदेव आणि शालिकराम उभे राहिले. वरवटहून पायी आले होते, मधे झुली घातलेली जोडी.

"काकी," वासुदेव म्हणाला, "काकाजीनं आमची जोडी कधी पाह्यलीच नाई. म्हटलं, घराले तरी ऐकू द्या."

दोघांनी कासरे हलवले. घुंगरं वाजू लागली. काकूंनी डोळे मिटून घेतले. मग मीही मिटले.