चाकरी, ठिकाण घर

कोणत्याही सर्वेक्षणात ‘व्यवसाय’ हा सगळ्यात सोपा रकाना, असं मी आमच्या कंपनीत नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला सांगत असे. लोक वय चोरतात, मतं फिरवतात, पण काय काम करता असं विचारलं की सरळ उत्तर देतात. दुसऱ्यांनी गोळा केलेला डेटा साफ करण्यात माझी उभी हयात गेली आणि मला त्याचा गर्व होता. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे जे झालं त्यात मला कुणी गरीब बिचारा समजणार नाही.

निवृत्त झालो आणि इथल्या मराठी मंडळाने मला गाठलं. कोलकात्यातल्या मराठी घरांमध्ये बाई काय करते, पुरुष काय करतो, गेल्या पिढीपेक्षा काय बदललं, याची एक छोटी पाहणी करायची होती. अर्ज मी तयार केला. तो मोबाइलवर भरायचा, नाव लिहायचं नाही, घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाने वेगळा भरायचा आणि एका घराला एकच क्रमांक. पर्यायांवर खुणा करण्याऐवजी लोकांनी आपल्या शब्दांत लिहावं, हा आग्रह माझाच. गार्डन रीचपासून बराकपूरपर्यंतच्या घरांतून उत्तरं आली. त्यांत माझ्यासारखे इथेच जन्मलेले होते, तसेच नोकरीनिमित्त महाराष्ट्रातून आलेलेही होते.

बायकांच्या उत्तरांत ‘गृहिणी’ होतं, ‘शिक्षिका’ होतं, ‘नोकरी’ होतं आणि मधूनमधून ‘चाकरी’ होतं. तो शब्द पाहून मला भरून आलं. बंगालीत नोकरीला चाकरी म्हणतात आणि इथे वाढलेले आम्ही मराठी बोलतानाही तेच म्हणतो. लग्नाआधी मी नाशिकला मुलगी बघायला गेलो तेव्हा ऐटीत म्हणालो होतो, “मी कोलकात्यात चाकरी करतो.” तिच्या मामांनी हसू दाबत विचारलं होतं, “कुणाच्या घरी?” हा किस्सा मी गेली तीस वर्षं प्रत्येक पंगतीत सांगत आलोय. तेव्हा हे आपल्याच माणसांचं मराठी, असं समजून मी एक्सेलमध्ये एका फटक्यात सगळ्या ‘चाकरी’च्या जागी ‘नोकरी’ करून टाकलं.

पुढचा रकाना होता कामाच्या ठिकाणाचा. तिथे या बायकांनी ‘घर’ लिहिलं होतं. वेळेच्या रकान्यात कुणी ‘दिवसभर’, तर एकीने ‘मोजली नाही’. खरं तर इथे कुणीही थांबला असता. मी मात्र खूश झालो. लॅपटॉपवर घरून काम करणाऱ्यांना कुठे ठरलेली वेळ असते? मला माझं शीर्षक मिळालं होतं. घरून नोकरी करणाऱ्या आमच्या स्त्रिया.

संक्रांतीच्या तिळगुळाला, रविवारी सकाळी, मंडळाच्या सभागृहात मी अहवाल वाचला. माझे वडील पाच वर्षं अंथरुणाला खिळलेले आहेत, त्यांच्यापाशी आया सेंटरमधून दोन तासांसाठी एक बाई बोलावून माझी बायकोही आली होती. ती मागच्या रांगेत बसली होती. परप्रांतात असूनही आपल्या बायका मागे राहिल्या नाहीत, त्यांनी घर सांभाळून नोकऱ्याही धरल्या, असं मी म्हणालो तेव्हा टाळ्या पडल्या. मागच्या रांगेत हसण्याची एक लहर उठली. मला वाटलं, लाजल्या.

मंडळाच्या कार्यवाहांना उत्साहाचं भरतं आलं. त्यांनी माइक घेऊन जाहीर केलं की घरून नोकरी करणाऱ्या भगिनींनी व्यासपीठावर यावं, आपण गुलाब देऊन त्यांचं कौतुक करू. कुणीही उठलं नाही. कार्यवाहांनी माइक माझ्या हातात दिला. “लाजू नका, या,” मी म्हणालो. तरी सगळ्या जागच्या जागी.

मग माझी बायको उभी राहिली.

मी माइकवरून, हसत, अगदी सहज म्हणालो, “अगं, तू कशाला उठलीस? बस तू. हे काम करणाऱ्यांसाठी आहे.”

हे वाक्य मी कुणाला सांगू नये असं मला आजही वाटतं. सभागृहातले काही पुरुष हसले. ती बसली नाही. घरात वडिलांना औषधाची वेळ सांगते त्याच आवाजात ती म्हणाली, “अर्जात मी चाकरी लिहिलं होतं. ठिकाण घर. मघाशी तुम्ही कौतुक केलंत ते आमचंच. म्हणून उठले.” तिच्या बाजूच्या दोघी उभ्या राहिल्या. मग पुढच्या रांगेतली एक, आणि दाराजवळची एक.

माझे कान तापले. त्यांचं मराठी तिकडचं, महाराष्ट्रातलं होतं. त्यांनी चाकरी लिहिलं ते चाकरी याच अर्थाने, आणि मी ते दुरुस्त केलं होतं. कार्यवाहांनी घाईघाईने त्यांना गुलाब वाटले आणि तिळगूळ घ्या, गोड बोला म्हणून वेळ मारून नेली. मी कागद गोळा करत राहिलो, कारण मान वर केली असती तर कुणाकडे बघायचं हा प्रश्न होता.

परतताना टॅक्सीत मी काय करावं? मी तिच्यावर चिडलो. “मला घरी सांगायचंस ना. चारचौघांत कशाला?”

“सांगितलं होतं की,” ती खिडकीतून बाहेर बघत म्हणाली. “अर्जात.”

ती नाशिकला भूगोल शिकवायची. इथे आल्यावर इंग्रजी शाळेत पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करून तिने तिथेही नाव मिळवलं. वडिलांना अर्धांगवायू झाला तेव्हा कुणी नोकरी सोडायची यावर आमच्यात चर्चा झाल्याचं मला आठवत नाही. तिने राजीनामा दिला, एवढं आठवतं. माझ्या निवृत्तीला तेव्हा चार वर्षं उरली होती. ती वर्षं संपल्यावर मी मंडळात गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी अहवाल सुधारायला बसलो. चूक कबूल करायची, आकडे बदलायचे, संपलं, असं वाटलं होतं. पण ‘नोकरी’ काढून तिथे काय लिहायचं? उत्तरांच्या वर्गवारीसाठी मी केलेल्या यादीत उरलेला पर्याय एकच होता, ‘काम करत नाही’. गृहिणी असं लिहिणाऱ्या सगळ्यांना मी त्यातच टाकलं होतं. नियमाने गेलो तर काल माइकवरून बोललेलं वाक्य आज मला पक्क्या अक्षरांत छापावं लागणार होतं. मी तो पर्यायच उडवला आणि बायकांनी लिहिलेला शब्द जसाच्या तसा परत घातला. तेवढं करून बरं वाटायला लागलं होतं. निम्मी शरम गेली, असं मी स्वतःला सांगत होतो.

शब्द परत घालताना तिच्या अर्जाशी पोचलो. त्याच क्रमांकाखाली, वरच्या ओळीत, माझा अर्ज होता. मी तो इतर सगळ्यांच्या आधी, नमुना म्हणून भरला होता. ‘घरातल्या आजारी व्यक्तीचं कोण करतं?’ या प्रश्नापुढे मी लिहिलं होतं, ‘आम्ही दोघे मिळून’. तिने लिहिलं होतं, ‘मी’.

दुसऱ्या कुणाच्या घरात अशी दोन उत्तरं असती तर मी ती विसंगती म्हणून वेगळी काढली असती. इथे माझी नजर त्यावरून सरळ पुढे गेली होती. ते लिहिताना मी खोटं बोलत नव्हतो, हेच मला जास्त लागलं. माझा त्यावर खरोखर विश्वास होता.

उठून वडिलांच्या खोलीत गेलो. ती त्यांच्या अंगाखालची चादर बदलत होती. मी दारातूनच म्हणालो, “माझ्या अर्जात मी लिहिलं होतं की बाबांचं आम्ही दोघे मिळून करतो.”

तिने वर पाहिलं. “दोघे म्हणजे कोण?”

ती टोमणा मारत नव्हती. आया सेंटरच्या बाईला मी धरलंय की काय, असं तिला खरंच वाटलं असावं. वडील डोळे उघडे ठेवून छताकडे बघत होते. त्यांना सगळं ऐकू येतं.

“मी,” मी म्हणालो. “तू आणि मी.”

चादरीची एक बाजू गुंडाळून तिने त्यांच्या पाठीशी सरकवली. मग म्हणाली, “आलाच आहात तर या इकडे. मी कुशीवर वळवते, तुम्ही पाय धरा.”

मी पलंगाच्या पायथ्याशी जाऊन उभा राहिलो, हात पुढे केले आणि तसाच थांबलो. घोट्याला धरायचं की गुडघ्याखाली, हे मला माहीत नव्हतं.