मुल्ला सरांची मागची सीट

समस्त आष्टेकरांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, आयुष्यात एकाही सायकलला मागे न टाकलेली एक करडी स्कूटर गेल्या महिन्यापासून पोरकी झाली आहे. मुल्ला सर गेले. निरोप आला तेव्हा मी दुकानात सदऱ्याला काज करत होतो. सुई तशीच अडकून राहिली...

सर इतिहासाचे निवृत्त शिक्षक, मी त्यांचा शेजारी शिंपी. आमच्या गल्लीतली शीतल जिल्ह्यात पहिली यायची, पण पळण्यात. दहावीच्या सहामाहीत ती पाच विषयांत आपटली आणि तिच्या वडिलांनी जाहीर केलं, "बोर्डाला नापास झाली की पळणं बंद. बूट माळ्यावर!" पोरगी रडवेली होऊन सरांकडे आली. "सर, बसलं की माझं डोस्कंच बंद पडतंय."

"मग उठ की!" सर म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून सांगली रस्त्याला रोज सकाळी आमची मिरवणूक निघू लागली. शीतल पळतेय, शेजारी सरांची स्कूटर, मागच्या सीटवर गाइड उघडून प्रश्न विचारणारा मी. उत्तर चुकलं की मागच्या मैलाच्या दगडापर्यंत परत पळायचं, हा सरांचा नियम. पंधरा दिवस झाले तरी चुका कमी होईनात. मग एकदा मी विचारलं, "महाराष्ट्राची राजधानी?" तिने ठणकावून सांगितलं, "सांगली!" सरांनी करकचून ब्रेक दाबला. "जास्त पळाय मिळावं म्हणून चुकतीस व्हय गं?" ती खाली मान घालून हसली.

सरांनी तिथल्या तिथे नियम फिरवला. चुकलं की पुढच्या दगडापर्यंत स्कूटरवर बसायचं. त्या पोरीला याहून कडक शिक्षा नव्हती. पण ती बसली की मला उतरावं लागे आणि माझं पोट, गाइड आणि मी असे तिघे मागून धावत सुटायचो. सर वळून ओरडायचे, "टेलर, पुढचा प्रश्न!" जानेवारीत मला स्वतःच्याच पँटी कमरेत आत घेऊन शिवाव्या लागल्या. फेब्रुवारी संपता संपता मात्र माझं उतरणंच थांबलं... शीतल पास झाली. बूट पायातच राहिले. आज ती साताऱ्यात पोलिसात आहे.

परवा ती सरांच्या बायकोला, आमच्या चाचींना भेटायला आली. घर माणसांनी भरलेलं, एक खुर्ची मोकळी नाही. अंगणात ती स्कूटर उभी, चाची अजून रोज सकाळी पुसतात. त्या म्हणाल्या, "बेटा, उभी का? बस की त्या सीटवर." शीतलने सीटवर हात ठेवला, डोळे भरले, आणि चटका बसावा तसा हात मागे घेत ती सगळ्यांदेखत बोलून गेली, "नको चाची, माझं उत्तर कुठं चुकलंय?"