इर्जिकीचा शंख

हैतीच्या त्या डोंगरात मेरिलुसचा शंख वाजला, की हातातला घास टाकून माणसं इर्जिकीला, एकमेकांच्या बिनमजुरीच्या कामाला, निघत. ज्वारी खुरपायची असो नाहीतर घर शाकारायचं. ज्याचा शंख, त्या दिवशी शब्दही त्याचाच.

निवडून आलेला अध्यक्ष फौजेनं हाकलला आणि गावावर कादेत नावाचा नाईक बसवला. त्यानं आधी शंख बंद केला. मग अध्यक्षाचा फोटो भिंतीला लावला म्हणून मेरिलुसच्या भावाला, ओरेलला, फरफटत नेलं. मढंसुद्धा दिलं नाही. ज्याला माती नाही, नऊ रातींचं जागरण नाही, तो मेलेला उंबऱ्याशी उपाशी बसून राहतो. मेरिलुस जेवताना पहिला घास दाराबाहेर टाकायचा. कोंबड्या खायच्या.

पुढं अध्यक्षाला गादीवर परत बसवायला परदेशी फौज उतरली. डोक्यावरून हेलिकॉप्टर गेलं, तसा मेरिलुसनं राखेच्या खड्ड्यात दडवलेला शंख उपसला नि फुंकला. सगळा डोंगर कोयते घेऊन धावला. कादेत केळीत सापडला, बायकोचा झगा घालून.

"माझ्या भावाला कुटं पुरलास?" मेरिलुसनं विचारलं.

"गोऱ्यांम्होरं सांगतो. हितं मारलासा तर सांगंल कोण?"

"हितंच इचार की रं मुडद्या!" सिलोमिस मावशी कडाडली. "दोन बोटं तोडली की घडाघडा बोलंल."

"न्हाई मावशे. आता कायदा आलाय. आन् शंख माझा हाय."

शंख त्याचाच होता. माणसं दात खात कादेतला बांधून गोऱ्यांच्या छावणीवर घेऊन गेली.

गोऱ्यांनी कादेतचे दोर कापले, त्याला पाणी पाजलं, बिस्किटं दिली. आणि कोयते गावाचे काढून घेतले.

"हत्यारं जमा करायचा हुकूम आहे," दुभाष्या म्हणाला.

"आन् ह्यो?"

"ह्याच्यावर पुरावा आणा."

"पुरावा ह्याच्याच पोटात हाय की!"

दुभाष्यानं तेवढं गोऱ्यांना सांगितलंच नाही. सकाळी कादेत त्यांच्याच जीपमधून सरहद्दीवर उतरला नि पलीकडं गेला.

अध्यक्ष परत आला. राजधानीत लोक नाचले म्हणे. इकडं कादेत मढी पुरायचा म्हणत त्या घळीत मेरिलुस एकटाच भावासाठी उकरत राहिला. एकट्याच्यानं घळ होते काय? शेवटी त्यानं शंख फुंकला. घराघरातून चुलीचा धूर निघत होता, माणूस मात्र हलेना. पुन्हा फुंकला. तेव्हा सिलोमिस मावशी तेवढी टेकाड उतरून आली.

त्यानं कुदळ पुढं केली.

"खणाया न्हाई आले," मावशी म्हणाली. "ज्वारी गवतात गेली. माझा कोयता कवा देतोस?"