बॉथेलला गौरी आल्या तेव्हा

गौरी आत येताना "का?" विचारायचं नाही. सरलाकाकूंचा हा नियम मी लहानपणापासून ऐकतेय. परदेशातल्या आमच्या बॉथेल गावच्या मराठी ग्रुपमध्ये प्रत्येकाचं गाव वेगळं, पद्धत वेगळी. त्यामुळे दर भाद्रपदात किस्से साठतच जातात. यंदा गौरी आमच्याकडे होत्या. आणि घटस्फोट घेऊन घरी परतलेल्या माझ्या मीराताईची एकच इच्छा होती: एक गौर तिने आत आणायची.

* * *

पंचांगात गौरी मंगळवारी. ग्रुपवर पोल घेतला, शनिवार जिंकला!

"चालतं असं?" मी विचारलं.

"त्यांनाही वीकेंडच बरा पडतो," बाबा म्हणाले.

* * *

पण गौरी म्हणजे नक्की कोण?

"लक्ष्मी. दोघी बहिणी," नागपूरच्या सरलाकाकू म्हणाल्या.

"पार्वती. गणपतीची आई," बाबा.

"छे! गणपतीची बहीण," मालवणच्या नलूमावशी.

"अहो, म्हणजे गणपतीने तिला आई म्हणायचं की ताई?" मी विचारलं.

"तू आधी फ्रोझन नारळ बाहेर काढ!" आई म्हणाली.

* * *

नैवेद्याला काकूंकडे सोळा भाज्या आणि आंबील. मावशींकडे गौरीला चक्क मटण! काकूंनी कानांवर हात ठेवले.

"शास्त्रात आहे!" दोघी एकदम म्हणाल्या.

"कुठल्या?"

"आमच्या!" हेही एकदम.

* * *

कार्पेटवर रांगोळी नको, म्हणून दारापासून कागदी पावलं मांडली. तेवढ्यात बाबांचा रोबो व्हॅक्यूम सुरू झाला आणि दोन पावलं ओढत सोफ्याखाली शिरला.

"अहो, लक्ष्मी तिकडे चालली!" काकू ओरडल्या.

बाबांनी वाकून बघितलं. "काळजी नको. चार्जिंगला गेलीये."

* * *

शनिवारी आम्ही मुखवटे घेऊन दाराबाहेर उभे राहिलो. एक आईच्या हातात. दुसरा घ्यायला ताई पुढे आली, हिरवी पैठणी नेसून. काकूंनी तो मध्येच उचलून मला दिला.

"कुमारिकेने आणलेली चालते. मीरा, तू जरा वर जाऊन बस हं."

ताई वळली. आई खाली बघत राहिली.

"काकू, गौर येते कुठे?" मी विचारलं.

"माहेरी! एवढंही माहीत नाही?"

"ताईपण माहेरीच आलीये. ती वर गेली तर मी ही गौर आत नेणार नाही. इथेच ड्राइव्हवेत उभी राहीन."

काकूंचं तोंड उघडं ते उघडंच.

आतून नलूमावशींनी दरवर्षीसारखं हौसेने विचारलं, "गौर आली, गौर आली, कशाच्या पावलांनी आली?"

"ताईच्या पावलांनी!" मी ओरडून सांगितलं आणि मुखवटा ताईपुढे धरला.