तिसऱ्या बरणीचा वास

फाल्गुन वद्य चतुर्थी, म्हणजे संकष्टी. महाराष्ट्र राज्य होऊन चार वर्षं होत आली होती. रक्कम अकरा रुपये — एका मोठ्या चिनी मातीच्या बरणीची किंमत. हजर माणसं: माझे भाऊजी नरहर वैद्य, त्यांची बायको म्हणजे माझी थोरली बहीण गोदाताई, मी, आणि बाहेरगावचे पाच पाहुणे. जागा — अमडापूरजवळची भाऊजींची द्राक्षबाग, वेळ सूर्य बुडायची.

एवढं आमच्या नात्यात सगळ्यांना माहीत आहे. त्या संध्याकाळी काय झालं तेही माहीत आहे, लग्नकार्यात त्यावर हसूनही झालं आहे. पण ते तसं झालं नव्हतं. कसं झालं ते मला एकट्यालाच ठाऊक आहे आणि आजपर्यंत मी ते कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही. ताईला तर नाहीच. ताई गेली त्याला आता दोन वर्षं होतील.

सांगायचं तर आधी दुसरीच एक गोष्ट सांगावी लागते. मला वास येत नाही.

एकोणिसाव्या वर्षी विषमज्वर झाला. तीन आठवडे अंथरुणाला होतो, उठलो तेव्हा वास गेलेला होता. मोगरा, शेण, फोडणी, पावसाची माती — सगळं सारखंच. आधी वाटलं, येईल परत. मग माझ्यासाठी मुली पाहायला सुरुवात झाली आणि असलं काही बोलायची ती वेळ नव्हती. मग लग्न झालं आणि बायकोला आत्ताच कशाला सांगायचं, असं वाटलं. मग सांगायची वेळ निघूनच गेली. चुलीवर दूध करपत असताना मी शेजारी पेपर वाचत बसलेला सापडलो, की बायको म्हणायची, "तुमचं कुठं लक्ष असते हो?" आणि मी म्हणायचो, कारखान्याच्या हिशेबात होतो. चिखलीच्या एका जिनिंग कारखान्यात मी हिशेब लिहीत असे. लोकांना ते पटायचं.

गंमत अशी की याच काळात माझ्या जिभेचं नाव झालं. नाक गेलं तेव्हा मी जिभेवर सगळं ध्यान देऊ लागलो. मीठ किती, आंबट किती, तुरट किती हे मला इतरांपेक्षा आधी कळायचं. पंगतीच्या आधी आचारी वरणाची पळी घेऊन माझ्याकडे यायचे. "बापूरावाची जीभ म्हणजे सोनाराचा काटा," असं भाऊजी चार माणसांत सांगायचे. ते मला आवडायचं. — खोटं कशाला बोलू? फार आवडायचं.

आता बागेचं.

भाऊजींनी विहिरीवर दीड एकर द्राक्षं लावली होती. आमच्या भागात तेव्हा हे नवलच होतं. लोक मुद्दाम वाट वाकडी करून पाहायला यायचे. त्या द्राक्षांचं भाऊजी द्राक्षासव करत. नाव भाऊजींचं, पण हात ताईचा. मनुका तिच्या, गुळाचा पाक तिचा, आंबवायला धायटीची फुलं किती टाकायची आणि बरणी ज्वारीच्या राशीत किती दिवस पुरून ठेवायची हे तिचं. बरणीचं तोंड फडक्याने आणि मातीने बंद केलेलं असे. ते उघडायच्या दिवशी आधी ती नाक लावायची, मग भाऊजी घोटभर चाखायचे, मग बाकीच्यांना. दारूबंदी होती, पण हे औषध. बरणी उघडली की शेजारपाजारचे येऊन खोकायला लागायचे. "आजच कसं काय सारं गाव आजारी पडते बे?" असं म्हणत भाऊजी वाट्या भरायचे.

त्या वर्षी औषधांचे एक मोठे व्यापारी — आम्ही त्यांना शेठजीच म्हणायचो — चार मित्रांना घेऊन बाग पाहायला येणार होते. माल पसंत पडला तर वर्षाचं सगळं आसव ते घेणार होते. बाटलीवर नाव काय छापायचं हेही भाऊजींनी ठरवलं होतं: गोदावरी द्राक्षासव. ताई हे ऐकून चुलीकडे तोंड करून हसली होती. "माह्या नावाचं औषध घेऊन लोक बरे होतीन का?" असं म्हणाली होती. तेव्हाचं तिचं तोंड मला अजून दिसतं. म्हणून तर लिहितो आहे.

भाऊजींनी बेत छान आखला होता. पाहुण्यांना विहिरीपासून चालवत न्यायचं. विहिरीपाशी पहिल्या बरणीचं, यंदाचं आसव. बागेच्या मधोमध दुसरीचं. आणि पश्चिमेच्या बांधावर, सूर्य टेकला असताना, तिसऱ्या बरणीचं — तीन वर्षं मुरलेलं. तिन्ही बरण्या मीच चिखलीच्या बाजारातून आणून दिल्या होत्या, अकरा रुपयांना एक.

दुपारी बरण्या उघडल्या. भाऊजींचं तोंड आलं होतं, मीठसुद्धा झोंबत होतं. ताईला संकष्टीचा उपास, ती चाखणार नव्हती. राहिलो मी. शिवाय ताई सकाळपासून कंदील पुसत होती, पाहुण्यांना परतताना उजेड लागणार म्हणून. काचा, वाती, टाक्या. हात घासलेटाने भरलेले. ते राखेनं घासून ती कोठीच्या खोलीत आली.

पहिली बरणी मी चाखली. चांगली होती. दुसरी, चांगली. तिसरीचं फडकं मी सोडलं आणि ताईने सवयीने नाक पुढे केलं. ती थबकली.

"बापू, मले घासलेटाचा वास येऊन राह्यला." तिने हात नाकाशी नेले, परत बरणीशी वाकली. "पाह्य बरं तू. बरणीले आहे, का माह्याच हाताले आहे?"

तुम्ही काय केलं असतंत? मला वास येत नाही — चार शब्द होते. खोलीत आम्ही दोघंच होतो. तिने मला लहानपणी कडेवर वागवलेलं. ती हसली असती, डोक्यावर हात ठेवला असता, आणि दारावरून जाणाऱ्या कुणालाही बोलावून त्या बरणीचा वास घ्यायला लावला असता.

मी बरणीवर वाकलो. छाती भरून श्वास घेतला, खऱ्या माणसासारखा. घोट घेतला. गोड, तुरट, घशाशी थोडं जळजळणारं — मिरी-पिंपळी असतेच त्यात, असं मी स्वतःला सांगितलं. आणि मी म्हणालो, "तुझ्याच हाताला आहे, ताई. बरणी उत्तम आहे."

"असंन," ती म्हणाली. माझ्यावर तिचा भरवसा होता — काटा ना मी.

संध्याकाळ मात्र फार सुंदर होती. ते सांगितलं नाही तर अर्धंच होईल. वेलांची पानं कडेकडेने लाल दिसत होती, घड उन्हात काचेसारखे झाले होते. पाहुणे खुशीत होते. विहिरीपाशी शेठजींनी वाटी संपवून पुन्हा पुढे केली. बागेच्या मध्यावर एकाने विचारलं, "वैद्यबुवा, हे रोज किती घ्यायचं असते?" भाऊजी म्हणाले, "आजारी माणसानं दोन चमचे. पाहुण्यानं मोजायचं नसते." सगळे हसले. ताई तिसरी बरणी कमरेवर घेऊन मागून चालत होती. ती कधी अशी चार पुरुषांच्या घोळक्यात यायची नाही. त्या दिवशी आली होती.

बांधावर सूर्य अगदी टेकलेला. भाऊजींनी स्वतः वाट्या भरल्या. शेठजींनी घोट घेतला आणि तो वेलाच्या बुंध्याशी थुंकला.

"वैद्यबुवा, आसव मांगतलं होतं. तुमी तर कंदिलात भराचं पाजलं!"

बाकीच्यांनी वास घेऊन वाट्या खाली ठेवल्या. कुणी हसलं, कुणी खोकलं. भाऊजींनी वाटी नाकाशी नेली. त्यांचं तोंड उतरलं. मग ते माझ्याकडे वळले.

"बापूराव, तुमी चाखली होती ना?"

ही दुसरी वेळ. पहिल्यांदा मी लाजेने खोटं बोललो होतो, असं म्हणता येईल. दुसऱ्यांदा?

"मी चाखली तेव्हा काही नव्हतं," मी म्हणालो.

एवढंच. कुणाचं नाव घेतलं नाही. घ्यायची गरज नव्हती. माझ्यानंतर बरणीला हात लागला होता तो एकट्या ताईचा, आणि ती दिवसभर कंदील पुसत होती. भाऊजी पाच परक्या माणसांसमोर तिला म्हणाले, "घासलेटाच्या हातानं बरणी धरली? काऊन, अक्कल नाही तुले?"

ताईने माझ्याकडे पाहिलं. रागाने नव्हे. रागाने पाहिलं असतं तर बरं झालं असतं. दुपारी मी जे सांगितलं होतं ते ती आठवत होती, आणि ते तिला पटत होतं. आपले दोन्ही हात तिने पदराखाली घेतले. "माह्याच हाताचं असंन," ती म्हणाली.

मी समोरच्या वेलावरचे घड मोजायला लागलो.

घरी आल्यावर मी एकटा कोठीच्या खोलीत गेलो. जिथे बरणी ज्वारीत पुरली होती, त्या जागेच्या बरोबर वर फळीवर घासलेटाचा डबा होता. भाऊजींनीच आणून ठेवलेला. बुडाशी गळत होता, फळी ओली होती. बरणीचं फडकं मी सोडलं तिथेच कोपऱ्यात पडलं होतं. त्यावर एक गोल डाग. मी ते नेऊन चुलीत टाकलं. भक्कन पेटलं ते, चुलीबाहेर जाळ आला. नाक नसलेल्या माणसालाही कळेल असं. बाहेर ओसरीवर भाऊजी डोकं धरून बसले होते. दहा पावलं चालून त्यांना हे सांगायचं होतं.

मी चुलीतली राख सारखी केली.

चंद्र उगवला तेव्हा ताईचा उपास सोडायची कुणाला आठवण राहिली नाही. मलाही नाही.

शेठजींनी माल घेतला नाही. पुढे एका छोट्या दुकानदाराने घेतला, बाटलीवर भाऊजींच्या वडिलांचं नाव छापलं. भाऊजी वाईट माणूस नव्हते, त्या दिवसानंतर त्यांनी तो विषयसुद्धा काढला नाही. फक्त पुढच्या वर्षी आसव घालायची वेळ आली तेव्हा त्यांनी मदतीला दुसऱ्या बाईला बोलावलं. ताईनेही विचारलं नाही का म्हणून. लोक म्हणायचे, पहिल्यासारखं होत नाही आता. बरणी उघडायच्या दिवशी ती माजघरातच असायची.

यापेक्षा वाईट एक गोष्ट आहे. ती हात धुवायला लागली. राखेनं, मग लिंबाच्या फोडीनं, मग हरभऱ्याच्या पिठानं. दूध तापवायच्या आधी, देवाला हात लावायच्या आधी. कंदिलाला तर तिने पुन्हा हात लावला नाही, पण वास तिच्या मनातून जाईना. मी भेटायला गेलो की पाणी देऊन झाल्यावर हळूच दोन्ही तळवे माझ्यापुढे करायची.

"पाह्य बरं बापू, येते का अजून?"

आणि मी त्या तळव्यांवर वाकायचो. त्यांना भेगा पडलेल्या असायच्या. छाती भरून श्वास घ्यायचो. "नाही येत, ताई." दर भेटीला. तेरा वर्षं. जिभेचा काटा असलेल्या माणसाने दिलेला निवाडा, तिला तेवढ्यापुरतं बरं वाटायचं. ते पाहून मलाही बरं वाटायचं — हे लिहिताना हात थांबतो, पण तसंच आहे ते.

भाऊजी गेले. त्यांच्या मुलाने बाग काढून कपाशी लावली. सामानाची वाटणी झाली तेव्हा मी गेलो होतो. तिसरी बरणी गोठ्यात पालथी घातलेली दिसली.

"ही मी नेऊ का?" मी ताईला विचारलं.

"तुले कायले पाह्यजे? वास आहे तिले." मग तिने ती उचलली, पदराने आतून पुसली आणि माझ्या तोंडापाशी धरली. "पाह्य. गेला का?"

गोठ्यात आम्ही दोघंच होतो, त्या दुपारसारखे. भाऊजी नव्हते. शेठजी नव्हते. लाज वाटावी असं कुणीच उरलं नव्हतं. मी बरणीत तोंड घातलं. आत अंधार होता, थंड होतं. बस.

"गेला, ताई," मी म्हणालो.

तिने बरणी आपल्याकडे घेतली. डोळे मिटून बराच वेळ नाक लावून राहिली.

"मले तर येऊन राह्यला," ती म्हणाली. मग बरणी खाली ठेवून आपले हात पाहिले. "माह्याच हाताले असंन."

मी खिशातून अकरा रुपये काढले आणि तिच्या हातावर ठेवले. कशाचे म्हणून तिने विचारलं, मी बरणीचे म्हणालो. जुनी झाली, एवढे कायले, असं म्हणत तिने एक रुपया मला परत दिला.

तो मी घेतला. दिले ते दहा रुपये, गोदाताईला.