राखेनं तुंबलेली मोरी
परवा कुठंतरी ओल्या राखेचा वास आला आणि ढोकीच्या बाजूला आम्ही राहायचो त्या चाळीतली मोरी आठवली. दुष्काळाचं वर्ष होतं, टँकर तिसऱ्या दिवशी यायचा, आणि मोरीत टाकलेलं तांब्याभर पाणीही तिथंच उभं राहायचं. म्हातारा फिटर आला, त्यानं आधी शेजारच्या मोऱ्या बघितल्या. सगळ्याच तुंबलेल्या. “मंजी दोष घरात न्हाय, मोठ्या लाईनीत हाय,” म्हणत त्यानं चेंबर उघडलं. भांडी घासायची राख आत दगडासारखी बसली होती. अंघोळीचं पाणी आम्ही सगळे लिंबोणीला घालायचो, मग राख वाहणार कशानं? पहारीनं त्यानं ती फोडून काढली. आता वाट मोकळी झाली का, हे पाणी ओतल्याशिवाय कळणार नव्हतं. आईनं शेवटची घागर उचलली. “ऱ्हाऊ द्या ताई, लेकरं हायत,” म्हणत त्यानं सायकलीला टांगलेली आपली पिण्याच्या पाण्याची छागल तिच्या हाती दिली आणि स्वतः चेंबरला कान लावून बसला. आईनं छागल मोरीत रिकामी केली. “गेलं!” तो हसला. मग तो कोरड्या मातीनं हात चोळत होता, तेवढ्यात आईनं घागरीतून छागल गुपचूप भरली. ती हातात घेतल्यावर जड लागली, तसं त्यानं आईकडं पाहिलं. मग ती तशीच सायकलीला टांगली. आज मोरी तपासायला मी खुशाल नळ सोडते, आणि पाणी गेल्याचा आवाज आला की माझ्याच घशाला कोरड पडते.